रूपाबाईचे साठ तोळे

"थांबा काका, अजून पडणार."

दिवाळीनंतरच्या आठवड्यात कळमनुरीच्या बाजारगल्लीत हे चार शब्द बोलले गेले आणि वैजनाथ डहाळेचा पुढचा सगळा हिवाळा त्यांनी गिळला. बोलणारा होता त्याच्या दुकानाशेजारचा झेरॉक्सवाला. आणि तो झेरॉक्सवाला म्हणजे ही हकिगत सांगणाराच, तेव्हा आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. बी.कॉम., दुसरा वर्ग. मोबाईलवर चांदीच्या भावाचं भविष्य सांगणारा एक कोटवाला माणूस रोज सकाळी बघायचा आणि दिवसभर गल्लीला ते ऐकवत अर्थतज्ज्ञ म्हणून मिरवायचं, एवढंच त्याचं भांडवल. चूक त्याने केली, भरली वैजनाथने. आता त्याला त्याच्या मशीनपाशी बसवून ठेवू आणि वैजनाथकडे वळू.

वैजनाथ सोनार खरा, पण सोन्याशी त्याचा संबंध बेताचाच. त्याचा आजा, बाप आणि तो, तिघेही बंजारा तांड्यांचे सोनार. आजूबाजूच्या पंधरा-वीस तांड्यांवरच्या बायांच्या अंगावरची चांदी याच आठ बाय दहाच्या दुकानात घडली. त्यात घुगरी-टोपली हे त्याचं खास काम. केसांच्या बटांत ओवून दोन्ही गालांवर सोडायची, वर चांदीची छोटी टोपली आणि खाली घुंगरांचा झुपका. नवरा जिवंत असलेल्या बाईनेच ती घालायची. तो गेला की उतरायची, मग आयुष्यात पुन्हा नाही. वैजनाथने केलेल्या घुगरीचा आवाज बाजारात पाठमोरा ऐकला तरी तो सांगायचा, "ही माझी." आणि "ही त्या औंढ्याच्या सोनाराची, पत्र्यावानी वाजून राहिली," हेही सांगायचा, कुणी विचारलं नसलं तरी.

तांड्यावरच्या बायांची एक रीत होती. जुनी चांदी मोडून नवं करायचं असलं की मुशीसमोर बैठक मारायची. चांदी वितळेपर्यंत, ओतेपर्यंत आणि गार होईपर्यंत नजर हलवायची नाही. आपल्या सासूची चांदी आपल्याच अंगावर यायला पाहिजे, दुसरीची मिसळायला नको. वैजनाथला त्याचा कधी राग आला नाही. उलट तो त्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "बघा, नीट बघा, डोळे माझ्यावर नका ठेवू, मुशीवर ठेवा." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

पण गेली दहा वर्षं समोर बसणाऱ्या बाया कमीच होत गेल्या. तांड्यावरच्या नव्या सुना घुगरी घालेनात. जुन्या बाया गेल्या की त्यांची चांदी यायची ती मोडीला. घडवायला शिकलेले हात दिवसभर मोडत बसले. वैजनाथ म्हणायचा, "आमच्या बापानं जोडलेलं तोडायची मजुरी घेऊन राहिलो मी."

म्हणून दसऱ्याच्या सुमाराला रूपाबाई आली तेव्हा त्याला सणच वाटला. सत्तरीची बाई, गालांवर गोंदण, दोन्ही दंडांपर्यंत पांढरा चुडा. तिच्या सासूची घुगरी वैजनाथच्या आजाने घडवलेली. तिने फडक्याची गाठ सोडली. घुगरी, टोपली, वाळे, सगळं मिळून साठ तोळे, म्हणजे सहाशे ग्रॅम.

"दादा, डोस्क्यावर केसं राहिले न्हाईत. जडपणानं बटा तुटून राहिल्या. हलकी करून दे. उरलेल्याची नातीला, शितलला, पैंजणं कर."

"शितल घालती का?"

"न्हाई घालत. मोबाईल घालती कानात. तू कर."

"मजुरी सहाशे घेईन, रूपाबाई. दुसऱ्याला हजार सांगतो."

"दुसरं कोण हाय तुला?" रूपाबाई म्हणाली, आणि खरंच कुणी नव्हतं.

ती मात्र मुशीसमोर बसली नाही. तिचा नवरा भावसिंग किडनीने अंथरुणाला लागलेला, आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यावा लागायचा. "तुझ्या आज्यासमोर माझी सासू बसली नव्हती," ती जाता जाता म्हणाली. "मी कशाला बसू? होळीला दे. होळीला घालून नाचते, म्हातारा बघून घेईल."

वैजनाथने गाठोडं पेटीत ठेवलं. होळीला पाच महिने होते. निवांत, मन लावून करू, असं त्याने ठरवलं. चांगलं काम हाताशी आलं की तो ते लांबवायचा, पोरं गोळी चघळतात तसं.

मग दिवाळी आली आणि देशातली चांदी संपली.

अगदी संपली नसेल, पण हिंगोलीत मिळेना हे खरं. किलोचा भाव एक लाख सत्तर हजारांवर गेला आणि त्या भावालाही माल नव्हता. धनत्रयोदशीला लोकांना चांदीचं नाणं पाहिजे आणि सराफांच्या कपाटात डब्या रिकाम्या. हिंगोलीचा ओमप्रकाश शेठ, ज्याच्याकडे वैजनाथ वर्षानुवर्षं मोड घालायचा, त्याचा स्वतःहून फोन आला. हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"वैजनाथभाऊ, जे असंल ते आणा. तुटकं, काळं, काही बी. भावाच्या वर देतो. गिऱ्हाईक दारात उभं हाय, माझी इज्जत चालली."

झेरॉक्सवाल्याने त्याच दुपारी कोटवाल्याचा व्हिडिओ दाखवला: ही तेजी फुग्यासारखी आहे, दिवाळी संपली की फुटणार. वैजनाथने पेटीकडे पाहिलं. चांदी तशीही मोडायचीच होती. आज द्यायची, पंधरा दिवसांनी स्वस्तात तेवढीच घ्यायची, रूपाबाईचं काम वेळेत करायचं आणि मधल्या फरकात दुकानाचे गळके पत्रे बदलायचे. कुणाचं काही गेलं नसतं. वाईट माणसाला हे सुचलं असतं तर त्याने पैसे तरी उडवले असते. वैजनाथने एक लाख चार हजार घेतले, डब्यात घातले आणि त्यातली एक नोट हलवली नाही.

आणि चांदी पडली की! दिवाळी झाली आणि आठवड्यात दीड लाखावर आली. साठ तोळे नव्वद हजारांत. चौदा हजार सरळ सरळ सुटत होते. वैजनाथ डबा काखेत मारून हिंगोलीच्या एसटीसाठी निघाला, पण जाता जाता शेजारी डोकावला. कोटवाला त्या दिवशी म्हणत होता, एक लाख वीसपर्यंत येणार. झेरॉक्सवाल्याने मान वर न करता, कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढता काढता ते चार शब्द टाकले. वैजनाथ दुकानात परत गेला.

ती चांदी त्यानंतर काही पडली नाही. डिसेंबर लागला आणि चढली. एक ऐंशी झाली तेव्हा चार हजार कमी पडत होते. वैजनाथ म्हणाला, जरा उतरू दे. दोन लाख झाली तेव्हा सोळा हजार कमी पडत होते. म्हणाला, एवढी चढलीय तर उतरणारच. नाताळाच्या सुमाराला ती सव्वादोनाच्या वर गेली. मग त्याने भाव विचारणंच बंद केलं. झेरॉक्सवाल्याला बघितलं की तो फुंकणी उगाच पुसत बसायचा.

त्याचा मुलगा दिपक सेनगाव तालुक्यात सोलर पंप बसवायच्या कामावर होता. संक्रांतीला घरी आला तेव्हा बाप म्हणाला, "पब्लिक येवढी चांदी खाऊन राहिलं का रे? आपल्याकडं तर कोणी घालंना."

"बाबा, घालायला न्हाई घेत कोणी. मी ज्या सोलरच्या पाट्या बसवून राहिलो ना, त्यात लागते चांदी. गाड्यांत लागते, मोबाईलात लागते."

"पाटीत? चांदी?"

"या मग बघायला."

वैजनाथ खरंच गेला. साखरा गावाच्या एका शेतात, हरभऱ्याच्या कडेला, दिपकने चकचकीत काळी पाटी दाखवली. तिच्यावर केसाहून बारीक पांढऱ्या रेषा होत्या. वैजनाथने चष्मा लावला, नाक काचेला टेकवलं आणि रेषेवरून नख फिरवलं. काचेखाली चांदी होती. ती त्याला लगेच ओळखू आली, नात्यातलं माणूस परक्या गावी दिसावं तशी.

"ही परत कशी काढतेत?"

"न्हाई काढत. वीस-पंचवीस वर्षांनी पाटी भंगारात."

"मग खाणीतून जास्ती काढावी."

"तिची वेगळी खाण लई थोडी हाय, बाबा. तांबं काढताना, जस्त काढताना सोबत निघती. चांदी महाग झाली म्हणून तांबं कोण जास्ती काढंल?"

वैजनाथ बांधावर बसला. त्याच्या हिशेबात चांदी कधी संपत नव्हती. आजीची घुगरी मोडायची, नातीचे वाळे व्हायचे. नातीचे मोडायचे, पणतीचं काही व्हायचं. तीच चांदी तांड्यातांड्यांतून फिरत राहायची आणि दर फेरीला त्याच्या मुशीतून जायची. या पाटीत गेलेली कुणाच्या अंगावर परत येणार नव्हती. जगात अशा किती पाट्या लागत असतील, हे त्याने मोजायचा प्रयत्न केला आणि समोरच्या शेतातल्या सहापाशीच सोडून दिला.

"चांगलं काम हाय तुझं," तो दिपकला म्हणाला. "पाणी तर मिळतंय लोकांना." आणि चष्मा खिशात घालून परतीच्या वाटेला लागला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रूपाबाई आली. चांदी पावणेचाराच्या पुढे गेलेली. ती दुकानाच्या पायरीवर बसली, आत आली नाही.

"दादा, होळीचं ऱ्हाऊ दे. डॉक्टरनं घरी न्या म्हणलं. आठ दिस म्हणते, पंधरा म्हणते. म्हातारा सारखा म्हणून राहिला, तुझ्या गालावर काहून काही न्हाई? घुगरी कुटं गेली? मी म्हणलं, सोनाराकडं हाय. झाली का?"

वैजनाथने चिमटा उचलला, ठेवला. "थोडं राह्यलंय बाई."

"दाखव की."

"अर्धवट काम दाखवत नसतो मी. येतो घेऊन तांड्यावर. आठ दिवसांत."

"त्याच्या डोळ्यासमोर एक डाव घालायची हाय, बस. मग काय, उतरायचीच हाय." हे तिने पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

त्या दुपारी वैजनाथ घरी जेवायला गेला आणि ताटावर बसून त्याने बायकोला, सखुबाईला, सगळं सांगितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. सखुबाईने भाकर तव्यावरच राहू दिली.

"किती कमी पडतेत?"

"सव्वा लाखाच्या वर."

"आणि हे कोणाच्या अकलेनं?"

"शेजारचं पोरगं म्हणलं, थांबा..."

"ज्याला स्वतःच्या मशीनला कागद पुरत न्हाई, त्याच्या अकलेनं?" भाकर जळायला लागली. तिने ती उलथली, बघितली आणि तशीच टोपलीत टाकली. "दिपकला माग."

"त्याच्या गाडीचे हप्ते चालू हायेत."

सखुबाईने तवा उतरवला. मग मानेमागे हात नेला. नऊ ग्रॅमची पोत होती, लग्नातली. सोन्याचा भावही त्या आठवड्यात आभाळाला टेकलेला, म्हणून तेवढीच पुरत होती.

"तिचा नवरा जायच्या आत तिला घालायला भेटावं," ती म्हणाली, "म्हणून माझा समोर जेवत असताना मी काढायचं. वा रे तुमचा धंदा." आणि पोत त्याच्या ताटाशेजारी ठेवली. संध्याकाळी बाजारातून चाळीस रुपयांची काळ्या मण्यांची माळ आणली, तीही स्वतःच जाऊन.

ओमप्रकाश शेठने पोत वजन केली, डब्यातल्या नोटा मोजल्या आणि आतून चांदी काढली. कोऱ्या लगडीचा कापलेला तुकडा. त्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्धा शिक्का होता. कुठल्या देशाचा ते शेठलाही माहीत नव्हतं.

"तुम्हीच दिली होती ना दिवाळीत?" शेठ म्हणाला. "ठेवली असती तर आज राजा असता, वैजनाथभाऊ."

"व्हय," वैजनाथ म्हणाला.

"पण आता घेऊन राहिलात ते बराबर. पाच लाख सांगतेत."

पाच लाख कोटवालाही सांगत होता. तोच कोट, तोच माणूस. झेरॉक्सवाल्याने या खेपेला तो व्हिडिओ वैजनाथला दाखवला नाही, एवढं एक त्याच्या नावावर जमा धरावं.

वैजनाथने पुढचे सहा दिवस जे काम केलं ते त्याच्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं. मुशीसमोर कुणी बसलेलं नव्हतं, तरी चांदी ओतताना त्याने सवयीने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तार ओढली, घुंगरं एकेक करून जोडली, टोपलीवर आजाच्या ठशाने वेल उठवली. दोनदा कान लावून आवाज ऐकला आणि एका बाजूचा झुपका पुन्हा उकलला, कारण एक घुंगरू मुकं होतं. घुगरी-टोपली हलकी, पस्तीस तोळ्यांची. पैंजण पंचवीस तोळ्यांचे. साठाला साठ. घट झाली तेवढी त्याने स्वतःच्या पेटीतल्या कणांतून भरली.

या सहा दिवसांतच चांदी कोसळली. तीन दिवसांत किलोमागे लाखाच्या वर उतरली. अख्खी बाजारगल्ली त्यावरच बोलत होती. वैजनाथ फुंकणीत वारा भरत होता. कुणीतरी दारातून ओरडून विचारलं, "सोनारकाका, ऐकलं का?" तो मान न उचलता म्हणाला, "ऐकलं. आता घुंगराचं ऐकू दे." आठ दिवस थांबला असता तर सखुबाईची पोत निम्म्याहून जास्त वाचली असती. पण भावसिंगला आठ दिवस थांब म्हणून कोण सांगणार होतं?

सातव्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन तांड्यावर गेला. जीपमधून उतरल्या उतरल्याच त्याला कळलं. घरासमोर सतरंजी, पुरुष गप्प बसलेले, एका कडेला चपलांचा ढीग. भावसिंग जाऊन तिसरा दिवस होता. कळमनुरीच्या सोनाराला कळवावं असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

रूपाबाई आतल्या भिंतीला टेकून बसली होती. दंडांवरचा चुडा उतरवलेला. पन्नास-पंचावन्न वर्षं चुड्याखाली झाकलेली कातडी उघडी पडली होती, बाकीच्या हातापेक्षा कितीतरी गोरी, लहान पोरीची असावी तशी. वैजनाथने तिकडे बघायचं टाळलं आणि तेवढंच त्याला दिसत राहिलं.

"आलास व्हय, दादा."

"बाई, मला उशीर..."

"तुझा न्हाई उशीर. त्यालाच घाई. परवा सकाळी बी इचारलं, सोनार आला का? मी म्हणलं, येऊन राहिलाय, रस्त्यात हाय." तिने हात पुढे केला. "दाखव."

त्याने फडकं सोडलं. तिने एक घुगरी तळहातावर घेतली, वजन जोखलं, हलवली. खोलीतल्या दोन-तीन बायांनी माना वर केल्या. आवाज अगदी जसा हवा तसा आला होता. तिने पटकन मूठ मिटली.

"हलकी झाली. चांगली झाली." मग मिटलेल्या मुठीकडे बघत म्हणाली, "माझ्या सासूची चांदी. तिच्या सासूची. बैलांमागं कुटं कुटं हिंडून आली ही. घालायला न्हाई भेटली तरी घरात तर हाय."

वैजनाथच्या डोळ्यासमोर तो अर्धा इंग्रजी शिक्का आला. सासूची चांदी दिवाळीलाच कुणाच्या तरी देव्हाऱ्यात नाणं होऊन गेली होती, नाहीतर आणखी कुठे.

"बाई," तो म्हणाला, "एक सांगायचं व्हतं."

"मजुरीचं ना? ध्यानात हाय. सहाशे."

"मजुरीचं न्हाई. ते राहू द्या. मला मजुरी नको."

रूपाबाईने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "काहून नको? मेलेल्याच्या घरचं म्हणून? तसं करू नको, दादा. त्यानं आयुष्यात कोणाचं फुकट घेतलं न्हाई. आज न्हाईत माझ्यापाशी, सगळे दवाखान्यात गेले. हळद निघाली की देते."

दारातून कुणीतरी तिला हाक मारली, पाहुणे आले होते. दोघी बाया रडत आत शिरल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. वैजनाथ भिंतीकडे सरकला. त्याचं वाक्य तोंडात तयार होतं, पण ते त्या रडण्यात कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मग तो चपला शोधायला लागला.

आता वैजनाथ कान टोचतो, सुटलेल्या पैंजणांना डाग देतो, चष्म्याच्या तुटलेल्या काड्या जोडतो. मोडसुद्धा येत नाही. लोक म्हणतात, चढली की विकू. सखुबाई त्याच्याशी बोलते, पण जेवायला वाढताना नाही. दुकानाचे पत्रे तसेच आहेत. झेरॉक्सवाल्याने एकदा चहा पाठवून माफी मागायचा प्रयत्न केला. वैजनाथ चहा प्यायला आणि कप विसळून परत पाठवला.

हळद निघाली, शिजली, वाळली, हिंगोलीच्या मोंढ्यात गेली. रूपाबाईला तिच्या पोराने त्यातले पैसे दिले नाहीत असं ऐकू येतं. खरं-खोटं माहीत नाही. ती बाजाराच्या दिवशी कळमनुरीला येते. दंडांवरच्या त्या गोऱ्या पट्ट्याला आता ऊन लागून थोडा रंग चढलाय. वैजनाथला ती लांबूनच दिसते आणि तो काहीतरी कारण काढून शेजारच्या दुकानात शिरतो, कोऱ्या कागदाची एक प्रत काढायला सांगतो. रूपाबाई पायरीपाशी थांबते. रिकाम्या दुकानात डोकावते. मग कुणालाच उद्देशून नाही असं, पण शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते:

"दादा आला की सांगा, सहाशेचं माझ्या ध्यानात हाय. म्हातारी बुडवणार न्हाई म्हणावं."